ही चाल मूळची कुठली?

जुन्या गाण्यांचा कार्यक्रम संपला की विंगेत कुणीतरी हमखास येतं. वायरी गुंडाळणं चालू असतं, तबल्यांवर गवसण्या चढत असतात आणि समोरचे गृहस्थ आवाज खाली आणून विचारतात, "ते मघाचं गाणं अमक्या बंदिशीवरून उचललंय ना हो?" ठाण्यात गाण्याचा क्लास चालवणाऱ्या आणि अशा कार्यक्रमांत पेटीची साथ करणाऱ्या एका ताईंनी उमेदीची सगळी वर्षं हा प्रश्न ऐकला. विचारणाऱ्यांचे दोन पक्ष असतात. एकाला सिनेमाचं गाणं हलकं ठरवायचं असतं, तर दुसऱ्याला त्याच गाण्याला शास्त्रीय संगीताचं प्रशस्तिपत्रक मिळवून द्यायचं असतं. ताई दोघांनाही बसवून घेतात आणि बांधायला घेतलेली पेटी पुन्हा उघडतात. याचं उत्तर तोंडी देता येत नाही, ते वाजवूनच दाखवावं लागतं, असं त्यांचं मत आहे.

हे मत काही एका दिवसात झालं नाही.

क्लासच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. परीक्षेला बसलेल्या एका मुलीला त्या मियाँमल्हारातली 'बोले रे पपीहरा' ही छोट्या ख्यालाची बंदिश सांगत होत्या. दोन-तीन दिवसांनी मुलीचे वडील आले ते चिडूनच. "विशारद व्हावी म्हणून पाठवतो आम्ही पोरीला, आणि तुम्ही 'गुड्डी'तलं गाणं शिकवताय?" ताईंनी कपाटातून स्वरलिपीचं जुनं पुस्तक काढलं, पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि बंदिश गाऊन दाखवली. मग त्याच पट्टीत सिनेमातलं गाणं. वडील पुस्तकाकडे पाहत राहिले. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "मग यात वसंत देसाईंनी केलं काय?"

ताई म्हणतात की या विषयावरचा इतका नेमका प्रश्न त्यांना पुढे कुठल्याही जाणकाराने विचारला नाही. तोवर त्या स्वतःही 'हे त्यातून घेतलं, ते यातून घेतलं' अशा नोंदी वहीत करून समाधान मानत. त्या संध्याकाळपासून नोंदीला दुसरा रकाना आला : घेऊन केलं काय?

वसंत देसाई मूळचे कुडाळजवळच्या सोनवड्याचे. १९७१ सालच्या 'गुड्डी'त त्यांनी मुखडा परंपरेतला ठेवला आणि पुढचे शब्द गुलजार यांनी नव्याने लिहिले. आवाज वाणी जयराम यांचा. हिंदी सिनेमात तो तेव्हा अगदी नवा होता. मियाँमल्हार हा मोठ्या, भारदस्त आवाजांचा राग समजतात. आंदोलन घेणारा कोमल गंधार, एकापाठोपाठ एक येणारे दोन निषाद, मंद्रातलं काम. सिनेमातली गुड्डी मात्र शाळकरी मुलगी. देसाईंनी दोन निषादांचं वळण सोडलं नाही, गंधाराचं आंदोलनही सोडलं नाही, पण त्यांचा भार अशा बेताने हलका केला की शाळकरी मुलीच्या तोंडी ते शोभावं. बंदिश तिथेच आहे. तिचं वय तेवढं बदललं. हे काम किती अवघड आहे ते ताईंना क्लासमुळे कळलं, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींकडून मियाँमल्हार गाऊन घेताना त्यांचाही रोज तोच झगडा चाले.

स्वर सारखे म्हणजे चाल सारखी, हा गैरसमज सर्वांत चिवट. कार्यक्रमात 'ज्योती कलश छलके' झालं की भूप शिकलेली मंडळी लगेच भूपातल्या बंदिशी मोजायला लागतात. १९६१च्या 'भाभी की चूड़ियाँ'मधली ही सुधीर फडके यांची रचना. ताई अशा वेळी फक्त पाच स्वर वाजवतात : सा रे ग प ध. आधी गंधारावर थांबत थांबत, मग धैवतावर थांबून वरच्या अंगाने. पहिल्यात भूप दिसतो, दुसऱ्यात देशकार. स्वर तेच, आणि राग दोन. जिथे रागच बदलतो तिथे पाच स्वर जुळले म्हणून चालीवर आरोप कसा करायचा? राग कुणाच्याच मालकीचा नसतो आणि रागावर गाणं बांधणं ही उसनवारी नव्हे, हे त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगतात. शोध घ्यायचा तर मुखड्याचा घ्यावा. तो आवर्तनात कुठून उठतो, समेवर कोणत्या स्वरावर येतो, आणि मधली जागा इतर कुठल्याही बंदिशीत सापडणार नाही इतकी खास आहे का? या तिन्ही गोष्टी जुळल्या तर नातं आहे असं धरून पुढे बोलावं.

अशा जुळणीचं सगळ्यात सुंदर उदाहरण त्यांना रोशन यांच्याकडे सापडलं. गौडमल्हारात 'गरजत बरसत भीजत आई लो' ही जुनी, घरोघर शिकवली जाणारी बंदिश आहे. १९५१ साली 'मल्हार' नावाच्या सिनेमात रोशन यांनी ती लता मंगेशकरांकडून गाऊन घेतली, जवळजवळ जशीच्या तशी. १९६०च्या 'बरसात की रात'मध्ये त्यांनी तीच पुन्हा हातात घेतली. या वेळी शब्द साहिर यांचे आणि आवाज दोन, सुमन कल्याणपूर आणि कमल बारोट यांचे. ताई वर्गात ही दोन्ही गाणी पाठोपाठ लावतात आणि मुलांना काही सांगत नाहीत. पहिल्या गाण्यात एक विद्यार्थी बंदिश गातोय असं वाटतं, अत्यंत सुरेल आणि आज्ञाधारक. दुसऱ्यात तीच बंदिश चित्रपटाचं गाणं झालेली असते. दोन आवाजांत ओळ वाटली गेल्याने मुखड्याकडे परत येण्याला एक ओढ येते, ती एकट्या आवाजात नव्हती.

एकदा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ताई, रोशननी दोनदा चोरी केली." वर्ग हसला, पण ताईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. रोशन लखनौच्या मॉरिस कॉलेजात श्रीकृष्ण रातंजनकरांकडे शिकले होते. रातंजनकर हे पंडित भातखंड्यांचे शिष्य. मुंबईत वकिली शिकलेल्या भातखंड्यांनी देशभर हिंडून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून शेकडो बंदिशी स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. घराण्यांच्या कुलुपातलं गाणं सगळ्यांना मिळावं म्हणूनच तर ती खटपट होती. गाणाऱ्याने गावी यासाठी छापलेली बंदिश त्यांच्याच परंपरेतल्या एकाने सिनेमात गाववली, त्यातही आधी मूळ स्वरूपात आणि मग नऊ वर्षांनी स्वतःची करून. याला चोरी म्हटलं तर क्लासमध्ये बसलेला प्रत्येकजण चोर ठरेल, असं त्या मुलाला सांगितलं तेव्हा ताईंचा आवाज चढला होता.

पण हाच बचाव सगळीकडे चालत नाही, हेही त्या तितक्याच आवाज चढवून सांगतात.

'फुल गेंदवा ना मारो' हे मन्ना डे यांचं गाणं १९६४च्या 'दूज का चाँद'मधलं, संगीत पुन्हा रोशन यांचंच. पडद्यावर ते विनोदी नट आगा यांच्या तोंडी आहे आणि लोकांना हसू येतं. मूळची ही भैरवीतली ठुमरी बनारसच्या रसूलनबाईंची म्हणून ओळखली जाते. त्यांनी १९३५ साली ती ध्वनिमुद्रित केली होती, तेव्हा तिचे शब्द अधिक मोकळे, अधिक धीट होते. पुढे त्यांनी स्वतःच ते सौम्य केले. सबा दिवान यांनी 'द अदर साँग' हा माहितीपट त्या हरवलेल्या शब्दांच्याच मागावर जाऊन केला. कार्यक्रमात हे गाणं ठरलं की ताई निवेदकाला आधी गाठतात. रसूलनबाईंचं नाव घेणार असाल तर वाजवते, नाहीतर दुसरं गाणं घ्या. एका संयोजकांनी "कोठ्यावरच्या बाईचं नाव कशाला, घरगुती प्रेक्षक आहे" असं म्हटलं होतं. त्या कार्यक्रमातून ते गाणं गळलं आणि ताईंनी त्या संयोजकांकडे पुन्हा साथ केली नाही. बंदिशीच्या पुस्तकामागे निदान भातखंडे उभे होते, परीक्षा होत्या, महाविद्यालयं होती. या गायिकांमागे कुणी नव्हतं. त्यांची चाल आणि शब्द सिनेमात आले, मजा आली, पैसे आले, फक्त नाव तेवढं आलं नाही. १९७७च्या 'स्वामी'तलं 'का करूँ सजनी' येसुदास इतक्या आर्ततेने गातात की ऐकणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही. तिथेही मागे बडे गुलाम अली खाँसाहेबांनी अजरामर केलेली ठुमरी आहे, हे सांगितल्याने येसुदास किंवा राजेश रोशन यांचं काही कमी होत नाही.

नाव सांगण्याचा हा आग्रह ताईंकडे आला तो नाटकांतून. त्यांच्या आजोबांकडे संगीत नाटकांची पिवळी पडलेली पुस्तकं होती. त्यांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग आणि ताल छापलेला असे आणि त्याशेजारी 'चाल' म्हणून मूळ चीजेचे किंवा आधीच्या पदाचे शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२मध्ये 'सौभद्र' आणलं, तेव्हा साकी, दिंडी, लावणी असं लोकांच्या कानात बसलेलं सगळं त्यांनी रंगभूमीवर उचलून आणलं. १९११च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि पूरबकडचा ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी रंगभूमीवर आला. १९१६च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या बंदिशी बालगंधर्वांच्या गळ्यात घातल्या. यातलं काहीही लपवलेलं नव्हतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला पुस्तक उघडलं की कळे, ही चाल कुठली. आणि एवढं कळूनही लोक पहाटेपर्यंत 'वन्समोअर' देत बसत. उसनं घेतल्याचं सांगितलं की रसिक नाराज होतो, ही भीती सिनेमावाल्यांना का वाटावी, हे ताईंना अजून उमगलेलं नाही. रेकॉर्डच्या लेबलावर संगीतकार, गीतकार, गायक एवढ्यांचीच नावं असत हे खरं, पण एक ओळ वाढवायला जागा पुष्कळ होती.

त्यांच्या कानाला खरा धक्का बसला तो मात्र वेगळ्याच दिशेने.

ऑर्केस्ट्रात त्यांच्याशेजारी एक गोवेकर व्हायोलिनवादक बसत. लहानपणी चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकलेले, मग मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य काढलेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वादक-संयोजकांनी हिंदी गाण्याला जो वाद्यमेळ दिला, त्या पिढीच्या हाताखालचे हे गृहस्थ. 'छाया'तल्या 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा'ची तालीम चालू होती. सलील चौधरींचं १९६१चं गाणं, तलत आणि लता यांचं. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता ते म्हणाले, "ताई, पांढरी पाचला सा धरा. आता कोमल धैवत, पंचम, पंचम. तीन वेळा. आणि मग उडी, वरचा कोमल गंधार." ताईंनी बोटं ठेवली : काळी दोन, पांढरी दोन, पांढरी दोन. तेच पुन्हा, आणि पुन्हा, आणि तिथून हात उचलून थेट काळी पाच. गाण्याचा मुखडा समोर उभा राहिला. "हे मोझार्टचं," ते म्हणाले, "चाळिसावी सिंफनी. सुरुवातच ही."

१७८८ सालच्या जुलैत व्हिएन्नात पूर्ण झालेली रचना. ताईंनी ती मिळवून ऐकली तेव्हा त्यांना जाणवलं, की ही उडी आपल्याकडची नाही. पंचमावरून तार कोमल गंधारावर असा एकदम टप्पा ख्यालगायक सहसा घेत नाही. तो मधल्या स्वरांना हात लावत, मींडेने किंवा निषाद-षड्जावर विसावत वर जाईल. खाली मात्र सिंफनीतली ओळ पायरी पायरीने उतरते आणि ते उतरणं आपल्या कानाला परकं वाटत नाही. सलीलदांनी नेमकी ही जोडी हेरली. कहरव्याच्या ठेक्यावर ती बसवली, तलतच्या कापऱ्या, मऊ आवाजाला दिली आणि अंतऱ्यात आपल्या वाटेने निघून गेले. सिंफनीत त्या तीन-तीन स्वरांमागे अस्वस्थ घाई आहे, व्हायोलाची धडधड आहे. गाण्यात तीच स्वरावली समजूत घालते, आर्जव करते. स्वर तेच ठेवून मनःस्थिती पालटणं ताईंना मोठं काम वाटतं. आसामातल्या चहामळ्यात डॉक्टर असलेल्या वडिलांकडच्या पाश्चात्त्य तबकड्या ऐकत हा माणूस वाढला होता. त्याच्यासाठी मोझार्ट परका नव्हताच.

याच सलील चौधरींनी पाच वर्षं आधी दुसऱ्या टोकाकडून घेतलं होतं. १९५६च्या 'परिवार'मधलं 'जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया' हे लता आणि मन्ना डे यांचं हंसध्वनीतलं युगुलगीत. मध्यम आणि धैवत पूर्ण वर्ज्य असलेला हा राग मूळचा दक्षिणेतला, मुथुस्वामी दीक्षितांच्या 'वातापि गणपतिं'मुळे तिकडे घराघरांत पोचलेला. उत्तरेकडे तो रुजला त्यात मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांचा वाटा मोठा. त्यांची 'लागी लगन' ही हंसध्वनीतली बंदिश आमीर खाँसाहेबांनी इतकी गायली की अनेकांना ती त्यांचीच वाटते. 'परिवार'चं गाणं ऐकताना या बंदिशीचं वळण ओळखू येतं आणि बंदिश ऐकताना दीक्षितांच्या कृतीचं. शिवाय हे गाणं गाणाऱ्या लताबाई स्वतः अमान अलींकडे शिकलेल्या. तंजावरच्या बाजूची कृती, भेंडीबाजारातली बंदिश, आसामात वाढलेला बंगाली संगीतकार आणि खाँसाहेबांची मराठी शिष्या. दादरच्या एका कार्यक्रमात ताईंनी हे तिन्ही मुखडे एका पट्टीत, एकापाठोपाठ वाजवले. पहिल्या रांगेतले एक तमिळ आजोबा हातावर आदितालाचा ठेका धरून बसले होते, तो त्यांनी तिन्ही मुखडे संपेपर्यंत सोडला नाही.

अलीकडे विद्यार्थी वेगळाच प्रश्न घेऊन येतात : कायदा काय म्हणतो? निमित्त 'पोन्नियिन सेल्वन २'चं. २०२३च्या या चित्रपटातलं ए. आर. रहमान यांचं 'वीरा राजा वीरा' हे गाणं धाकट्या डागरबंधूंच्या अडाण्यातल्या 'शिवस्तुती'वर बेतलेलं आहे, असा दावा त्यांच्या घराण्यातल्या वासिफुद्दीन डागर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केला. एप्रिल २०२५मध्ये एकल न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, श्रेय द्यायला सांगितलं आणि दोन कोटी रुपये भरायला लावले. सप्टेंबरात खंडपीठाने तो आदेश रद्द केला. एखादी रचना गायली म्हणून ती गाणाऱ्यानेच रचली असं धरता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

ताईंनी ही बातमी वर्गात वाचून दाखवली आणि मुलं दोन तट पाडून भांडली. त्यांना स्वतःला दोन्ही निकालांमागचा विचार कळतो. आपल्याकडे कायद्याने १९९४च्या दुरुस्तीपर्यंत संगीतरचना म्हणजे लिहून काढलेली रचना असंच मानलं. गुरुमुखातून उतरलेल्या ध्रुपदाचा कागद कोण आणणार? आणि कर्त्याच्या पश्चात साठ वर्षांनी हक्क संपतो म्हटलं तर सदारंगाच्या बंदिशीवर दावा कोण सांगणार? पण कोर्टात जे सिद्ध करता येत नाही ते श्रेयनामावलीत लिहायला कुणी अडवत नाही, असं त्या ठामपणे म्हणतात. हक्क आणि ऋण यांची गल्लत करू नये. हक्काचा निवाडा वकिलांनी करावा, ऋण मात्र ज्याने ती चाल घेतली त्यालाच ठाऊक असतं.

त्यांच्या हातात आहे तेवढं त्या करतात. कार्यक्रमाच्या गाण्यांची यादी निवेदकाकडे जाते तेव्हा चित्रपट, साल, गीतकार, संगीतकार, गायक यांच्यापुढे 'चाल' असा एक रकाना असतो. बऱ्याच गाण्यांपुढे तो कोराच राहतो, कारण खात्री नसेल तर लिहायचं नाही हा नियम आहे आणि ऐकीव माहितीवर कुणाला चोर ठरवणं त्यांना त्याहून वाईट वाटतं. सुरुवातीला संयोजक कुरकुरत. यात वेळ जातो, लोकांना गाणी ऐकायची असतात, व्याख्यान नको. आता तेच फोनवर विचारतात, या वेळी चालींचं काय काय आहे?

येत्या श्रावणातल्या कार्यक्रमात गौडमल्हार घ्यायचं ठरलंय. आधी १९५१चं गाणं, मग पेटीवर नुसती बंदिश, आणि तिथून न थांबता १९६०चं. पहिल्या गाण्याला एकच गायिका लागेल, शेवटच्याला दोन. त्यातली एक मुलगी वर्गातलीच आहे, आणि त्याच मुखड्यावर दोन वेगळ्या लयींत समेवर यायचं तिचं गणित अजून चुकतं, म्हणून या शनिवारी तबलजींना अर्धा तास आधी बोलावलं आहे.